भुतोंड्याची वाट

भोरहून भुतोंड्याला जायला किती वेळ लागतो, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोणत्या सालात जायचं ते आधी ठरवावं लागतं, आणि साल ठरलं तरी महिना विचारावा लागतो. वैशाखात एक वाट असते, आषाढात दुसरी, आणि दिवाळीला धरण तुडुंब असताना तिसरी. गावं तीच, डोंगरही तेच. मध्ये पाणी किती उभं आहे त्यावर अंतर वाढतं किंवा कमी होतं.

राजगडाच्या दक्षिणेला वेळवंडी नदीचं खोरं आहे. नदी डोंगरातून निघते, खोऱ्यातून वाहत भोरजवळ येते आणि पुढे नीरेला मिळते. मिळण्याआधी भाटघरला तिला अडवलं आहे. भिंतीच्या वरच्या अंगाला नदी दिसत नाही, जलाशय दिसतो. त्या जलाशयाचं नाव येसाजी कंक. शिवाजी महाराजांचे हे सोबती भुतोंड्याचे. खोऱ्याच्या पार वरच्या टोकाला त्यांचं गाव आहे, आणि त्या गावाकडे जाणारी जुनी सरळ वाट त्यांच्याच नावाच्या पाण्याखाली आहे.

मी या खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाचा माणूस. म्हणजे पाणी जिथं जातं तिथला. आमचं गाव बारामतीच्या खालच्या अंगाला, नीरा डाव्या कालव्यावर. पुण्यात डी.एड. करताना वसतिगृहात माझ्या खोलीत भोर तालुक्यातला एक मुलगा होता. भुतोंड्याच्या अलीकडची एक वाडी त्याचं गाव. पोरं त्याला मावळ्या म्हणायची आणि मला बागायतदार. आमच्या घरी चार एकर ऊस, त्यातही तीन चुलत्यांचे वाटे. पण खोलीतल्या कोरडवाहू पोरांमध्ये तेवढ्यावर पदवी मिळाली.

१९८६ च्या मे महिन्यात मावळ्याच्या गावाहून निरोप आला. भोरला डोळ्यांचं शिबिर होतं आणि त्याच्या आजीचा मोतीबिंदू काढायचा होता. दोन्ही डोळे गेल्यात जमा होते. घरात बाप थकलेला, थोरला भाऊ मुंबईला गोदीत. आजीला खाली आणायला माणूस हवा होता. मावळ्या म्हणाला, "बागायतदार, चल. दोन दिवसाचं काम हाय. आंबं नाहीत आमच्याकडं, पण करवंदं खा पोटभर."

भोरच्या बाजारात त्यानं पाच लिटरचा डबा भरून रॉकेल घेतलं, कांदे घेतले, आजीसाठी पाव घेतले. मग आम्ही वडापच्या जीपची वाट पाहत बसलो. जीप समोरच उभी होती, पण भरल्याशिवाय निघणार नव्हती, आणि भरली म्हणजे काय याची व्याख्या ड्रायव्हरकडे होती. साडेअकराला बसलो ते दीडला हललो. मी मोजलं तेव्हा बावीस माणसं होती, दोन टपावर आणि तीन मागं लोंबकळत. माझ्या मांडीवर कोणाची तरी चार वर्षांची पोर आणि पायाशी पाय बांधलेला कोंबडा. रॉकेलच्या डब्याचं बूच सैल होतं. पहिल्याच चढाला माझी पिशवी भिजली, आणि पुढचे दोन दिवस मी जे खाल्लं त्याला रॉकेलचा वास होता.

रस्ता पाण्याच्या कडेकडेनं जात होता. समोरच्या काठावर एक वाडी दिसायची, घरं मोजता यावीत इतकी जवळ. रस्ता मात्र ओढ्याच्या पोटात आत आत शिरायचा, वळसा घालून पुन्हा बाहेर यायचा, आणि अर्ध्या तासानं ती वाडी तेवढीच लांब असायची. असे किती वळसे झाले कोण जाणे. मग चाक पंक्चर झालं. स्टेपनीतही हवा नव्हती. बायका निमूट उतरल्या, डोक्यावर बोचकी घेतली आणि चालायला लागल्या. कोणी तक्रार केली नाही, याचंच मला जास्त नवल वाटलं.

मावळ्यानं खाली बोट दाखवलं. "चल, आता जुन्या वाटंनं जाऊ."

खाली पाणी ओसरलेलं होतं. मे महिन्याच्या अखेरीला धरणातलं बहुतेक पाणी आमच्याकडे जाऊन संपलेलं असतं आणि खोऱ्याचा तळ उघडा पडतो. भेगाळलेला राखाडी गाळ, कुठं कुठं गाळपेरीचा हिरवा तुकडा, आणि त्याच्या मधोमध नदीची बारीक धार. त्या गाळात एक वाट होती. दोन्ही अंगाला रचलेल्या दगडांच्या ताली, मध्ये बैलगाडी जाईल एवढी जागा. खोऱ्याच्या मधून ती नदीला धरून सरळ वर जात होती.

या वाटेचं वय काढायला बसलं तर फार मागं जावं लागतं. राजगड हे शिवाजी महाराजांचं राज्य चालवण्याचं ठिकाण सुमारे पाव शतक होतं. १६५९ साली सईबाईंचं निधन तिथंच झालं, १६६६ साली आग्र्याहून सुटून महाराज परत आले ते राजगडावरच, आणि १६७० साली राजारामांचा जन्म तिथला. १६७४ चा राज्याभिषेक रायगडावर झाला म्हणून आपल्या डोळ्यांपुढे रायगड येतो. पण राज्य वाढलं ते राजगडावरून. गडाला चहूबाजूंनी वाटा आहेत. गुंजवणे गावाकडची एक, पालीची एक, आणि अळू दरवाज्यातून उतरते ती भुतोंड्याची. दाणागोटा, गवत, लाकूड, जासूद, शिबंदी, सगळं या वाटांनी चढलं-उतरलं असणार. पश्चिमेला कोकणात उतरणारे घाट आहेत: केळदजवळचे मढे आणि उपांड्या, दक्षिणेला वरंध. तानाजी मालुसऱ्यांचा देह मढे घाटानं उमरठला नेला असं लोक आजही सांगतात. कोकणातलं मीठ आणि सुकी मासळी बैलांच्या पाठीवर या घाटांनी वर यायची आणि मावळातून तांदूळ खाली जायचा.

म्हणजे ही खोरी एका राज्याच्या मधोमध होती. डोंगर अवघड होते हे खरंच. दुर्ग आणि दुर्गम या दोन्ही शब्दांचं मूळ एकच, जिथं जाणं कठीण ते. पण ती अवघड जागा परक्याला अवघड होती. इथल्या माणसाला प्रत्येक खिंड, प्रत्येक पाणवठा पायाखालचा होता. त्या अवघडपणावर राज्य उभं राहिलं.

पुढे हा मुलूख पंत सचिवांकडे आला आणि भोर संस्थान झालं. राजगड आणि तोरणा राजधानीचे राहिले नाहीत, तरी खोऱ्यांतली रहदारी चालूच होती. नदीकाठी भाताची खाचरं, उतारावर नाचणी-वरई, वर हिरडा आणि ऐनाचं रान. वेळवंडीतला माणूस सकाळी निघून भोरचा बाजार करून यायचा.

मग १८७६-७७ चा दुष्काळ आला. त्याची आठवण माझ्या गावाकडे आहे. आमचा सगळा पट्टा अवर्षणाचा. सावकारीला कंटाळून १८७५ साली सुप्याला कुळांनी खतं जाळली तो आमचाच मुलूख. दुष्काळात आमचं अर्धं गाव उठून गेलं होतं असं आजोबा त्यांच्या आजोबांचं सांगायचे. इंग्रज सरकारनं दुष्काळी मुलखाला पाणी द्यायचं ठरवलं, आणि पाणी कुठलं, तर सह्याद्रीच्या कुशीतलं. १८८० च्या दशकात भाटघरचं पहिलं धरण हाती घेतलं गेलं. जलाशयाला व्हायटिंग या इंजिनिअराचं नाव मिळालं. त्या पाण्यावर नीरा डावा कालवा बारामती आणि इंदापूरकडे निघाला. पुढे ते पाणी पुरेना म्हणून जास्त उंचीचं नवं धरण बांधलं गेलं. १९२० च्या दशकाच्या अखेरीला ते पुरं झालं आणि मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचं नाव त्याला दिलं गेलं. लांबी दीड किलोमीटरहून जास्त, साठा सुमारे २३.५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. या धरणामुळे उजवा कालवाही निघाला आणि फलटण, माळशिरस ओलिताखाली आलं. १९३० च्या दशकात वालचंदनगर आणि माळीनगरला साखर कारखाने उभे राहिले, ते या पाण्याच्या जोरावर.

आम्हाला शाळेत हे सगळं शिकवलं होतं. सहलीला आम्ही भाटघरला गेलो होतो, भिंतीखाली सावलीत बसून शेंगदाणे-गूळ खाल्ला होता आणि दरवाज्यांतून सुटणारं पाणी पाहून टाळ्या वाजवल्या होत्या. आम्ही धरण समोरून पाहिलं होतं. मावळ्याच्या घरच्यांनी ते पाठीमागून पाहिलं होतं.

उंच धरण म्हणजे पाणी जास्त मागं जाणार. खोऱ्याचा तळ गेला. तळाला भाताची खाचरं होती, गावठाणं होती, आणि ही वाट होती. पाणी प्यायलं बहुतेक ब्रिटिश मुलखानं, गावं बुडाली संस्थानातली. शेजारच्या मुळशीत १९२१ पासून सेनापती बापटांचा सत्याग्रह चालला, तुरुंगवास झाले, पुस्तकांत नोंद झाली. वेळवंडीच्या खोऱ्याचं नाव पाठ्यपुस्तकात आलं ते कालव्याच्या लाभक्षेत्रात, धरणाच्या साठ्यात. राज्यात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा १९७६ साली झाला. तोवर इथं पाणी चढून जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती.

आम्ही गाळातून चाललो होतो. वरून कोरडी पापडी, खाली लोणी. दोनदा मी गुडघ्यापर्यंत रुतलो. एकदा चप्पल आत राहिली ती राहिलीच. दुसरीही मग फेकून दिली आणि भेगांच्या धारेवर अनवाणी चाललो. मावळ्या पुढून ओरडायचा, "दगुडावर पाय ठिव, दगुडावर!" दगड म्हणजे काय ते थोड्या वेळानं लक्षात आलं. जोती होती ती. एका ओळीत घरांची जोती, एका ठिकाणी उंबऱ्याचा दगड, एका ठिकाणी फुटकं जातं. वाटेत कांबरेश्वराचं देऊळ लागलं. वर्षातले बहुतेक महिने हे देऊळ पाण्याखाली असतं आणि उन्हाळ्याच्या अखेरीला बाहेर येतं. तेवढ्या दिवसांत काठावरची माणसं येऊन आतला गाळ काढतात, दिवा लावतात. आम्ही गेलो तेव्हा गाभारा नुकताच धुतलेला होता आणि पिंडीवर ताजं फूल होतं.

धार ओलांडून चढ लागला तेव्हा अंधारलं होतं. डोंगरावर कुणीकुणी राब भाजत होते, त्याची लाल रेघ दिसत होती. वाडीत पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. पण जुन्या वाटेनं चाललेलं अंतर जेमतेम अडीच तासांचं होतं, तेही माझ्यासारख्या नवख्याला आणि गाळातून. खडखडीत वाट असती, तर संध्याकाळचा चहा घरी झाला असता.

कारवीच्या कुडाचं घर, शेणानं सारवलेलं. मावळ्याची आई घरात नव्हती. ती आणि दोन शेजारणी कंदील घेऊन झऱ्यावर गेल्या होत्या. रात्री झऱ्याला पाणी जरा बरं साठतं म्हणून. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण मी भाषणांत ऐकली होती. त्या रात्री पाय धुवायला मावळ्यानं मला एकच तांब्या दिला तेव्हा ती नीट ऐकली.

आजी चुलीजवळ बसली होती. मी पाया पडलो. तिनं माझा हात चाचपला.

"कंच्या गावचा रं तू?"

"बारामतीकडचा, आजी. नीरेच्या कालव्यावरचा."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मंजी आमचं पानी तुमच्याकडं जातंय, म्हन की."

मला काय बोलावं सुचेना. मावळ्या हसत होता.

"बरं पिकतंय न्हवं?"

"पिकतंय, आजी. ऊस असतो."

"मग बरं हाय," ती म्हणाली. "वाया न्हाय गेलं."

नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं कालवण जेवून आम्ही अंगणात पडलो. आजी उंबऱ्यात बसून बोलत होती. पाणी चढलं तेव्हा ती दहा-बारा वर्षांची होती. "लोक म्हनायचं, लोंढा यील. लोंढा बिंढा काय न्हाय. पानी गुमान आलं. आज खाचरात, उद्या बांधावर, परवा खळ्यात. आमी दारं काढली, वासं काढलं, डोक्यावर घिऊन वर आलो. माझा आज्जा रोज खाली जायचा बघाया. पानी किती चढलं ते काठीनं मोजायचा." काठीनं मोजून काय करायचा, मी विचारलं. "काय करनार? मोजायचा."

दुसऱ्या दिवशी पहाटे डोली बांधली. एक बांबू, त्याला घोंगडी, वाडीतले चार गडी. वाडीत एवढेच धड गडी होते; बाकीचे मुंबईला, पुण्याला. गाळाच्या कडेला आल्यावर आजी म्हणाली, "मला खाली उतरवा. आपल्या गावातनं मी डोलीत बसून जानार न्हाय." मावळ्यानं हात धरला आणि ती चालायला लागली. दोन्ही डोळ्यांनी फक्त उजेड-अंधार कळत होता तिला. पण जोत्यांच्या ओळीशी आल्यावर ती थांबली, पायानं दगड चाचपले आणि डावीकडे वळली. "हितं वळायचं. म्होरं विहीर हाय." पुढे खरंच विहीर होती, गाळानं भरलेली, कडेचे चार दगड तेवढे वर. साठ वर्षांत ती दर उन्हाळ्याला इथं आली असेल, त्यात जादू काही नव्हती. तरी डोलीचे गडी गप्प झाले होते.

वर रस्त्याला लागल्यावर जीपसाठी तीन तास थांबावं लागलं. दुपारी शिबिरात पोचलो, नाव लागलं, एका डोळ्याचं काम झालं. पुढे दुसऱ्याचंही झालं. आजी आणखी सहा वर्षं जगली.

आज त्या खोऱ्यात डांबरी रस्ता आहे. वळसे तेच, पण गाडी घरापर्यंत जाते. मावळ्या निवृत्त होऊन धनकवडीत राहतो. त्याच्या वाडीत आता म्हातारी माणसं उरली आहेत, आणि पाणी दिसेल अशा जागा विकत घ्यायला शहरातून लोक येतात. वेळवंडीचीच ही गोष्ट आहे असंही नाही. आंबीवर पानशेत, मोसेवर वरसगाव, कानंदीवर गुंजवणी, नीरेवर देवघर. भोर-वेल्ह्याच्या जवळजवळ प्रत्येक खोऱ्याचा तळ पाण्याखाली गेला. पुणे शहर त्यावर पाणी पितं, आमचा ऊस त्यावर उभा आहे. हे पाणी नको होतं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? आमच्या गावातला दुष्काळ त्यानं संपवला. पण त्याची किंमत रुपयांत मोजली तर चुकते. ती तासांत मोजावी लागते: बाजाराला जायला किती, दवाखान्यात पोचायला किती, शाळेत जायला किती. साठ वर्षं रोज कोणीतरी ती भरत होतं.

राजगडाच्या संजीवनी माचीवर उभं राहिलं की खाली भाटघरचं पाणी चकाकतं. तरुण पोरं तिथं फोटो काढतात, आणि काढावेतच. जागा सुंदर आहे. वेल्हे तालुक्याचं नावही आता राजगड झालं आहे. सरकारी कागदांत मात्र या भागाला अजून 'दुर्गम' असाच शब्द असतो, शिक्षकांच्या बदल्यांपासून आरोग्य केंद्रापर्यंत. तो शब्द वाचला की वाटतं, त्याच्या शेजारी एक रकाना वाढवायला हवा: केव्हापासून?